मोरपंखी मुकुटाच्या बदल्यात

सुप्रियाची दाढ नेमकी श्रावणातल्या सोमवारी सुजली आणि मोरपंखी मुकुट सांभाळायची जबाबदारी तिच्या सासूवर, हौसाबाईंवर, येऊन पडली.

मुकुट मोबाईलमधला होता. शिरपूरला भाजीपाला पिकवणाऱ्या त्या घरात सुप्रिया फक्त सून होती. आज भाजी कोणती करायची, हेही तिला सासूला विचारून ठरवावं लागे. मोबाईलवरच्या त्या खेळात मात्र ती एका टोळीची सरदारीण होती आणि अख्खी टोळी तिच्या शब्दावर चालत होती. राक्षस मारून मिळवलेला हा मुकुट देऊन ती नागपूरच्या एका माणसाकडून उडता घोडा घेणार होती. घोड्याशिवाय टोळीला पुढच्या किल्ल्यावर जाता येत नव्हतं, आणि 'आज घोडा आणतेच' असा शब्द तिने सगळ्यांना देऊन ठेवला होता.

"आई, हे माह्यं दुकान," गालावर हात दाबत तिने खेळातल्या बाजारात अंथरलेली सतरंजी दाखवली. "अधूनमधून बोट लावत राह्यजा, नाहीतर दुकान बंद पडते. 'गरुड' नावाचा माणूस घोडा घेऊन येईन. तो आला तरच हे हिरवं बटन दाबजा. मालेगावले दाढ दाखवली का मी आलीच समजा."

"अन् दुसरं कोणी आलं त?"

"दुसऱ्याइकडं पाहूच नका."

हौसाबाईंनी मान डोलावली. त्या आवाज चढवून कधीच बोलत नसत. कोणाला झाडायचं असलं तरी सुरुवात 'मी काही बोलत नाही, पण' अशी करत आणि मग बराच वेळ बोलत. त्यांचे यजमान शालिकराम सकाळी वावरातली माकडं हाकलायला निघाले, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "मी काही बोलत नाही, पण माकडं हाकलाले चार्जर कायले लागते?"

"मोटरच्या खोलीत लाईट हाये ना," एवढंच बोलून शालिकराम निघून गेले होते.

मोबाईलमधला बाजार हौसाबाईंना केनवडच्या बाजारासारखाच वाटला. दोन्ही बाजूंना सतरंज्या, मधून गर्दी, आणि घ्यायचं काही नसताना भाव विचारत फिरणारे रिकामटेकडे. वांगी-मेथीच्या जागी तलवारी आणि ढाली होत्या इतकंच. एका हाताने जप आणि दुसऱ्या हाताने दुकान असं त्यांचं नीट चाललं होतं.

तेवढ्यात शेजारची कमलीबाई वाटी घेऊन दारात आली. "थोडं विरजण देता काय वो?"

"मंग ये वो बाई," पडद्यावरची नजर न हलवता हौसाबाई म्हणाल्या. "आता दुकान सोडता येत नाही."

कमलीबाईने ओसरीवर इकडेतिकडे दुकान शोधलं, ते दिसलं नाही म्हणून ती गेली.

आणि मग सतरंजीसमोर एक साधू येऊन उभा राहिला. भगवी कफनी, अनवाणी पाय, हातात कमंडलू. डोक्यावर नाव तरंगत होतं, वैरागीबुवा. खाली अक्षरं उमटली. 'माते, सकाळपासून फिरतो आहे. कोणी काही दिलं नाही.'

हौसाबाईंचा जप थांबला. श्रावणात मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. त्यात सोमवार. त्यात साधू. त्यांनी सतरंजीवर नजर फिरवली. द्यायला मुकुटाशिवाय काही नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, मनात शंकराचं नाव घेतलं आणि हिरवं बटण दाबलं.

सुप्रिया परतली ती तोंडात कापसाचा बोळा धरून. रिकामी सतरंजी पाहून तिने आधी इशाऱ्यानेच 'घोडा?' असं विचारलं.

"घोडा नाही आला. एक साधू आल्ता. त्याले देल्ला मुकुट."

सुप्रियाने बोळा काढून हातात घेतला. "देल्ला म्हंजे? बदल्यात काय घेतलं?"

"दानाच्या बदल्यात काही घेतात काय वो? सावनात मांगणाऱ्याले नाही म्हणता येत नाही मले. तुले माहीत हाये."

"आई, तो खरा साधू नसते. खेळातले कपडे असतात ते. कोणीही घालते."

"बाहेर त कुठं खरे असतात," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "आपण आपलं द्यावं."

सुप्रियाला रडावं की दाढ धरावी ते कळेना. संध्याकाळी सगळी टोळी किल्ल्याखाली जमणार आणि सरदारीण काय सांगणार? सासूबाईंचा नेम होता म्हणून? तिने मोबाईल ओढून घेतला आणि बाजार धुंडाळायला सुरुवात केली. साधू लांब गेला नव्हता. पलीकडच्याच गल्लीत, पिंपळाखाली, त्याने स्वतःची सतरंजी अंथरली होती. तिच्यावर मोरपंखी मुकुट, आणि वर पाटी. 'बदल्यात बैलजोडी.'

ती पाटी सुप्रियाने वाचून दाखवली आणि हौसाबाईंचा चेहरा पालटला. मुकुट गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण दान? शंकराचं नाव घेऊन दिलेलं?

"इकून राह्यला तो?"

"इकूनच राह्यला."

"माह्यं दान?"

"आता त्याचं झालं ना ते," सुप्रिया म्हणाली. दाढेची कळ थोडी कमी झाल्यासारखी तिला वाटली.

हौसाबाईंनी जपमाळ देव्हाऱ्यात ठेवली आणि त्या पाटावर बसल्या. "मी सांगतो तसं लिही. सगळ्या बाजारात दिसलं पाह्यजे."

"लिहितो. सांगा."

"मी काही बोलत नाही, पण."

"तेही लिहू?"

"सगळंच लिही. मी काही बोलत नाही, पण देवाच्या नावावर घेतलेलं इकाले बसते, हात नाही कापत तुहे? मी कपडे पाह्यले, पाय पाह्यले, चांगला म्हातारा वाटला म्हून देल्लं. अन् तू पिंपळाखाली बसून बैलजोडी मांगते? तुह्या घरच्याइले माहीत हाये काय तुहे हे धंदे? बायको हाये ना तुले? थे काय म्हणीन?"

सुप्रियाची बोटं पळत होती. बाजार थबकला. तलवारवाले, ढालवाले आपापल्या सतरंज्या सोडून पिंपळाखाली गोळा झाले. कोणी हसत होतं, कोणी 'आजी, अजून बोला' म्हणत होतं. साधू मात्र मुकुटासमोर गप्प बसला होता.

"अजून लिही. मी काही बोलत नाही, पण असा माणूस माह्या दारात आला असता त त्याले मी..."

"थांबा," सुप्रिया म्हणाली. "तो काहीतरी लिहून राह्यला."

अक्षरं हळूहळू, एकेक करून उमटली, एका बोटाने लिहिल्यासारखी. सुप्रियाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं.

"'उपाशीपोटी एवढी तापू नको. चक्कर येईन. सकायची गोळी घेतली काय?'"

हौसाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. सकाळची गोळी तिथल्या डबीत तशीच पडून होती.

"चार्जर," हौसाबाई म्हणाल्या.

शालिकराम उन्हं उतरल्यावर आले. पायावर पाणी घेताना त्यांनी इतका वेळ लावला की पाय दोनदा धुऊन झाले असावेत. हौसाबाईंनी त्यांना बसायला पाट दिला नाही.

"सुप्रियाचं दुकान हाये हे मले माहीत नोतं," ते खाली पाहत म्हणाले. "ट्रॅक्टर घेतल्यापासून गोठा रिकामा हाये. तिथं बैल भेटतात असं पोरं म्हणत होते. पांढरे हायेत. चांगले उंच शिंगाचे."

"मामाजी, मले सांगतलं असतं त मीच देल्ले असते," सुप्रिया म्हणाली. तोवर शालिकरामांनी परत केलेला मुकुट तिच्या सतरंजीवर आला होता, आणि गरुड नावाचा माणूस घोड्यासकट समोर उभा होता. तिने स्वतः हिरवं बटण दाबलं.

हौसाबाईंचा संताप मात्र तसाच होता. "म्हंजे माह्यं दान घरातल्या घरातच राह्यलं. असं दान लागू होत नाही. अन् तुमी साधूचे कपडे घालून माह्या सोमवारचा नेम मोडला."

शालिकरामांनी मान वर केली. बोलावं की नाही याचा ते विचार करत होते. "नेम मी नाही मोडला," शेवटी ते हळूच म्हणाले. "कमलीबाई भेटली रस्त्यात. वाटी रिकामीच होती तिची. म्हणे, हौसाबाईले दुकानातून उठता येत नोतं."

हौसाबाईंनी तोंड उघडलं. 'मी काही बोलत नाही' इथपर्यंत आल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे खरोखर काही बोलल्या नाहीत.

दिवा लावायची वेळ झाली होती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, मोठी वाटी काठोकाठ विरजणाने भरली, तिच्यावर झाकण ठेवलं, आणि पदर सावरत कमलीबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हौसाबाई स्वतःहून काही घेऊन तिच्या दारी आल्या नव्हत्या. कमलीबाईने वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाटीला हात लावायच्या आधी विचारलं,

"अन् याच्या बदल्यात काय पाह्यजे वो तुमाले?"

हौसाबाईंनी एक क्षण विचार केला.

"बैलजोडी," त्या म्हणाल्या.