हौसाचा तांब्या

आमचे शेजारी नामदेवभाऊ दिवसातून तीनदा स्वतःचं मनगट चाटतात. पाहुण्यांसमोरसुद्धा. मग डोळे मिटून निकाल देतात, "मीठ बेतात हाय."

मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यांनी कांद्या-बटाट्याची पोती वाहिली. घाम वाळून शर्टावर पांढरे पट्टे उमटायचे. संध्याकाळी त्यांची बायको हौसा तो शर्ट उजेडात धरून निरखायची आणि उद्याच्या ताकात मीठ किती घालायचं ते ठरवायची. मी तेव्हा हडपसरातली नवी सून. मला वाटलं, बिचारीच्या हातून डाग निघत नाहीत. मोठ्या मनाने तिला माझी साबणाची वडी नेऊन दिली. स्वतःचा घाम दिसू नये म्हणून मी इतकी पावडर थापायचे, की गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसायचे. हौसाने वडी ठेवून घेतली आणि मला ताक पाजलं. हसली नाही, हे तिचे उपकार.

हौसा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात भाऊ भाजी आणताना भोवळ येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, घामावाटे मीठ-पाणी जातंय आणि हे पीत काही नाहीत. खराडीत नोकरी करणाऱ्या नातीने, ऋतुजाने, त्यांच्या दंडावर एक चकती चिकटवली. ती घामातलं मीठ मोजते आणि घाम फार गेला की फोन वाजवते.

भाऊंनी मनगट चाटून चकतीची परीक्षा घेतली. "बरोबर सांगतीय," म्हणाले. "पर मशिनीनं सांगितलं म्हणून मी पिणार न्हाय."

"आबा, प्लीज. परत पडलात तर?"

"हमाल बोलव उचलायला."

पोर रडकुंडीला आली. मग मीच फोनमध्ये हौसाच्या ठसक्यात आवाज भरून दिला, "अवं, ताक प्या की." दुसऱ्या दिवशी दुपारी फोन बोलला, आणि भाऊ थेट माझ्या दारात.

"वैनी, नक्कल झ्याक हाय. पर हौसानं मला कधी हाक मारली न्हाय. ती तांब्या आदळायची. ओट्यावर. दोनदा." जाता जाता वळून म्हणाले, "दुसऱ्यांदा जरा हळू."

मग त्यांच्या ओट्यावर हौसाचाच तांब्या आदळून आम्ही आवाज भरायला बसलो. भाऊंना पटेना. "लई जोर झाला." "ह्यात राग न्हाय." आठव्या वेळी त्यांनी नुसती टोपी काढली आणि परत घातली.

तेव्हापासून दुपारी भिंतीपलीकडे तांब्या वाजतो आणि भाऊंचा आवाज येतो, "पितोय, पितोय."

काल मात्र आभाळ भरलेलं, हवा गार. चारच्या सुमाराला भाऊ दारात आले.

"वैनी, आज वाजला न्हाय."

"घामच नाही आला तर कसा वाजेल, भाऊ? तब्येत चांगली आहे म्हणायची."

"व्हय," म्हणाले. मग लिफ्ट समोर उभी असताना, कठड्याला धरून, जिना चढायला लागले.