दौलतरावांचं मागचं रबर

दौलतराव गजभिये कुठल्याही गाडीकडे समोरून पाहत नाहीत. गाडी कालची असो की भंगारात निघालेली असो, हा गृहस्थ आधी तिच्या मागे जातो, पँट गुडघ्यापाशी वर ओढतो, उकिडवा बसतो आणि मागच्या चाकामागे धूळ-चिखल अडवणारं रबर लोंबतंय की नाही ते बघतो. नसलं तर मान हलवतो आणि मालकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "मागच्यानं काय धूळ खावी काय?"

माझ्या मेहुण्याने नवी गाडी घेतली तेव्हा तो नागपूरहून पेढे घेऊन मुद्दाम पांढुर्ण्याला दाखवायला आला. दौलतराव समोरच राहतात, त्यामुळे टाळता आलं नाही. त्यांनी पेढा तोंडात टाकला, गाडीचं बॉनेट, काच, रंग यातलं काहीही न बघता थेट मागे जाऊन बसले. मेहुण्याला वाटलं, चाक बसलं. तोही घाबरून शेजारी उकिडवा बसला. मग अर्धा तास दोघं चाकामागच्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि माझी बहीण गाडीसमोर फोटोसाठी ताटकळत उभी होती.

एवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. पण गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला नेताना यांनी शववाहिनीसुद्धा सोडली नाही. सगळे माना खाली घालून उभे, आणि हे गाडीच्या मागून ड्रायव्हरला सांगतायत की बापा, मागं लोक चालून राहिले आहेत, तुझ्या गाडीले रबर नाही. मी तिथून जरा लांब जाऊन उभा राहिलो. ओळख आहे हे कुणाला कळू नये असं मला फार वेळा वाटतं.

आणि हे कुठे, तर आमच्या पांढुर्ण्यात. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून आम्ही आणि त्या काठावरून सावरगाववाले एकमेकांना मनसोक्त गोटे मारतो, त्या गावात हा माणूस चाकाखालून उडालेला खडा कुणाला लागेल म्हणून झुरतो. मी एकदा हे त्यांना बोललोही. त्यावर ते म्हणाले की गोटमारीत मारणारा दिसतो तरी.

सिंचाई खात्यात बाबू होते तोवर हे खूळ नव्हतं. तेव्हा ते खुर्चीवर बसून भिंतीकडे बघायचे, आणि त्याचा कुणाला त्रास नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी सौसरच्या एका शाळेने मोडीत काढलेली मिनीबस घरी आणली. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशातल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला गाडीतच राहताना, गाडीतच स्वयंपाक करताना बघितलं होतं म्हणे. बसमधली बाकं काढली, मागच्या काचेला लागून पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, बायकोच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. त्यांनी तिला मोटरहोम म्हणायला सुरुवात केली. गल्लीने तिचं नाव दौलतरावचा बंगला ठेवलं. बेसिनचं पाणी थेट माझ्या फाटकासमोर सांडायचं, त्यामुळे मी तिला काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता या बंगल्याची गरज काय होती तेही सांगितलं पाहिजे. शांतावहिनींना, म्हणजे दौलतरावांच्या बायकोला, लकवा मारला तेव्हापासून त्या पलंगावर आहेत. डावं अंग गेलंय, बोलणं तेवढं शाबूत आहे. त्यांची थोरली बहीण रामाकोन्याला असते. ती अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं, तीही आता उठत नाही. रोज सकाळी फोनवर दोघी बोलतात, आणि वहिनींना फोन कानाशी धरवत नाही म्हणून आवाज मोठा ठेवलेला असतो. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. तिकडून म्हातारी विचारते, "कधी येतं वं शांते?" इकडून वहिनी म्हणतात, "येतो ना वं. गाडी होऊन राहिली."

वहिनींना बसवत नाही, साध्या गाडीत त्यांना नेता येत नाही, हे मलाही कळतं. पलंग असलेली गाडी केली, उत्तम केलं. पण केली तर जा ना. सौसर ओलांडलं की थोड्या अंतरावर रामाकोना. सकाळी चहा पिऊन निघालं तर तिथे दुसरा चहा होतो. तिकडे एक म्हातारी डोळे लावून बसली आहे, तिचं काही खरं नाही असं तिचा मुलगा फोनवर दबक्या आवाजात सांगतो, आणि इकडे दौलतराव म्हणतात, मागचं रबर लागल्याशिवाय गाडी हलणार नाही.

पहिलं रबर त्यांनी जिनिंगमधून आणलं. सरकी-कापूस वाहून नेणारा जुना पट्टा. आमच्याकडे जिनिंगच्या पट्ट्याचा सगळ्यांना भलता अभिमान. त्याचे पायपोस होतात, बैलगाडीला लावतात, विहिरीच्या काठावर घालतात. तो कधी फाटत नाही हे जो तो सांगतो. दौलतरावांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरा बसच्या रुंदीचा पट्टा मागे अँगलला ठोकला. जमिनीला टेकेल इतका लांब. मिस्त्री म्हणाला, काकाजी, जरा कापू. दौलतराव म्हणाले, चांगल्या पट्ट्याले कायले कापाचं?

मग गाडी गल्लीत वळवायला म्हणून त्यांनी मागे घेतली. मागचं चाक पट्ट्यावर चढलं. पट्टा काही फाटला नाही, त्याची कीर्ती खरी आहे. त्याने वरचा अँगल, बंपर आणि नंबराची पाटी एवढं सगळं ओढून खाली आणलं. दौलतराव उतरून मागे गेले आणि पट्ट्यावर हात फिरवून मला म्हणाले की पाह्यलं गुरुजी, जरासा चिरला नाही. असल्या माणसाशी काय बोलणार? मी दार लावून घेतलं.

दुसरं रबर घाबरून इतकं आखूड कापलं की ते चाकाच्या वरच राहिलं. ते पुरतं की नाही हे बघायला त्यांना मागून येणारा माणूस हवा होता, आणि गल्लीत शहाणा माणूस मी एकटाच. शाळेत जायच्या वेळी त्यांनी मला गाठलं. तुम्ही फक्त स्कूटरवर मागं या, पाहून सांगा, म्हणाले. वहिनी पलंगावरून खिडकीबाहेर बघत होत्या म्हणून मी नाही म्हणू शकलो नाही. सावरगावच्या पुढे एका संत्र्याच्या बगीच्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. दौलतरावांनी मुद्दाम त्यातून गाडी नेली. काळ्या मातीचा चिखल माझ्या शर्टावर, चष्म्यावर आणि डब्याच्या पिशवीवर आला. ते थांबले, खाली उतरले, मला निरखून बघितलं आणि विचारलं, "पयल्यापेक्षा कमी उडाला ना?"

त्या दिवशी मी मुलांना पाचव्या तासापर्यंत पाठमोरा राहून शिकवलं.

त्यानंतरचं रबर वाऱ्याने वर उडतं म्हणून त्याला खाली लोखंडी सळी जोडली. ती प्रत्येक गतिरोधकावर आपटायची आणि गल्लीतली कुत्री गाडीमागे लागायची. मग सळी काढली. मग रबर चाकाला घासतं म्हणून अँगल मागे सरकवला. मग एक बाजू दुसरीपेक्षा किंचित खाली दिसते म्हणून पुन्हा सगळं उतरवलं. रोज सकाळी फोनवर तेच ऐकू यायचं, गाडी होऊन राहिली. हल्ली तिकडून म्हातारीचा आवाज बारीक येऊ लागला होता. कधीकधी ती नुसतीच "शांते" म्हणायची, आणि पुढचं वहिनी समजून घ्यायच्या. मला त्या माणसाचा मनापासून राग आला होता, आणि तो राग बरोबर होता असं मला आजही वाटतं.

शेवटी एका रविवारी मिस्त्रीने स्वतः येऊन रबर बसवलं. जमिनीपासून वीतभर वर, चाकापासून हात जाईल एवढं मागे, दोन्ही बाजू सारख्या, मोठे वायसर घालून नट आवळलेले. गाडी मागे घेऊन बघितली, पुढे घेऊन बघितली. माझ्यासारख्या वैऱ्यालाही खोड काढता येईना. मी मिस्त्रीला आणि आणखी एकाला हाताशी घेतलं, वहिनींना उचलून मागच्या पलंगावर ठेवलं, उशी लावली. आज जायचंच, मी दौलतरावांना सांगितलं. मिस्त्री हात पुसत निघून गेला.

दौलतराव गाडीमागे गेले. पँट गुडघ्यापाशी वर ओढली. उकिडवे बसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "हा एक बोल्ट उलटा घातला वाटते."

मग माझा तोल गेला. मी त्यांना नको नको ते बोललो. म्हटलं, तुम्हाला माणसांपेक्षा रबर मोठं झालं आहे. तिकडे ती म्हातारी आज आहे, उद्या नाही. बायको तिच्यात जीव गुंतवून पडली आहे आणि तुम्ही बोल्ट बघत बसलात. ती गेली तर हे रबर घेऊन तोंड दाखवायला जाल का तिथे?

ते उठले नाहीत. बोल्टावर अंगठा फिरवत राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका खाली गेलेला ऐकला.

"डाक्टरनं मले गुदस्ताच सांगून टाकलं होतं, गुरुजी. हिच्यात काई रायलं नाई म्हणे. तरी हे जगून राहिली. रोज सकाळी उठून इचारते, गाडी झाली का. ताईले भेटून आली का मंग इचाराले काय रायते तिले?"

मला फार वाईट वाटलं, आणि राग होता तिथेच होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. दौलतराव उठले, पँट झटकली आणि पाणी भरायला घरात गेले.

पलंगापाशी बसची खिडकी उघडीच होती. पलंगावरून वहिनींनी मला हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मला म्हणाल्या की गुरुजी, त्याइले सांगा, ताईले भेटलो का मंग नागपूरले दीक्षाभूमीवर जाचं हाय. मी पुऱ्या आयुष्यात गर्दीतूनच पाह्यली, एकदा निवांत पाहाची हाय. अन् मंग पोरीकडं भोपाळले. तिचं नवं घर पाह्यलं नाई म्हणा मी.

मी म्हटलं, "वहिनी, इतका प्रवास तुम्हाला जमेल?"

"मले कायचं जमते जी," त्या म्हणाल्या. "पण त्याइले सांगा."

दौलतराव पाण्याचा कॅन घेऊन आले आणि पुढे ड्रायव्हरच्या जागी बसले. मी त्यांच्या खिडकीपाशी गेलो आणि वहिनींनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवले.

"भोपाळ लय दूर हाय," ते म्हणाले. "मंग आता निघालं पाह्यजे." आणि त्यांनी गाडी चालू केली.