चौदा गळे, एक दोर आणि साहेबांची गाडी

आमच्या गावच्या गाण्यावर माहितीपट निघाला, त्याला बक्षीस मिळालं आणि हे सगळं झालं माझ्यामुळे! आधीच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. आमचा गाव कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष!

गाव म्हणजे समुद्राला चिकटलेली मासेमारांची साठ घरं. रस्ता आमच्यापाशी येऊन संपतो. पुढे जायची त्याचीही छाती होत नाही. इथले चौदा पुरुष एकत्र गातात. त्यांचे पुढारी माझे सासरे. वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आठवड्यातच, त्यांनी मला गाण्यातून हाकललं होतं.

"जावईबापू, दारात बोट सापडल्यासारखा आवाज आहे तुमचा. तुम्ही आपली जाळी विणा."

मी जाळी विणली. पण राग काही गिळला नाही!

तर बंदराच्या साहेबांना आमची गाण्याची शेड बर्फाच्या गोदामासाठी हवी होती. नोटीस आली : 'गायन मंडळ प्रत्यक्षात अस्तित्वात असल्याचे तपासणीत दिसून न आल्यास चावी जमा करावी.' चौदा माणसं चाळीस वर्षं गळा फोडतायत आणि या खुर्चीला चिकटलेल्या माणसाला पुरावा पाहिजे! मी तडक शहरातल्या एका माहितीपटवाल्या बाईंना पत्र लिहिलं. त्या नेमक्या तपासणीच्याच दिवशी आल्या. साहेब पाचला येणार होते.

चार वाजता बाईंनी शेडमधली होडी बाहेर काढायला लावली. "फ्रेममध्ये गर्दी होते." मग चौदा जणांना पांढरे शर्ट घालून तीन रांगांत उभं केलं. "हात खाली. अगदी नैसर्गिक दिसा. गा!"

कोणी गाईना. सासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मागे कोणीतरी खोकलं, तेही बेसूर.

"यांना गाता येत नाही का?" बाईंनी मला विचारलं.

"येतं हो! पण होडी ओढतानाच येतं. हातात दोर नसला की गळ्यात सूर नाही."

"मग द्या की दोर!"

दोर दिला. दुसरं टोक मागच्या दारातून बाहेर नेऊन मी खुंट्याला बांधलं. गाणं सुरू झालं, पण पहिली ओळ अकरा वेळा झाली तरी दुसरी येईना! कारण ओझं हातभर पुढे सरकल्याशिवाय दुसरी ओळ म्हणायचीच नसते. खुंटा कसला सरकतोय! मग दोर हातगाडीला बांधला. ती अशी धावत आत आली की अर्ध्या ओळीत गाणं खलास!

"जावईबापू," सासरे दातओठ खात म्हणाले, "ओझं बांधताय की थट्टा करताय?"

साडेचार वाजले होते. मी पुन्हा बाहेर धावलो. शेडमागे एक गाडी उभी, काळ्या काचांची. बाईंची असणार! जड, चाकांची, वर हँडब्रेक लावलेली. याहून चांगलं ओझं कुठे मिळणार? बांधला दोर!

आत पहिली ओळ उठली. गाडी हलली. दुसरी ओळ! गाडी हातभर मागे. मी खुशीत मिशीला पीळ देतोय, तोच गाडीची काच खाली झाली आणि झोपेने सुजलेला एक चेहरा बाहेर आला. बंदराचे साहेब! लवकर येऊन, मासळीच्या वासाला घाबरून, काचा लावून झोपले होते!

"सोडा!" मी किंचाळलो. "अरे सोडाऽऽ!"

कोण ऐकतो? मध्येच दोर सोडला तर होडी घसरून मागच्याचा जीव जातो, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. साहेबांनी घाबरून गाडी सुरू केली आणि पुढे पळवायला ॲक्सिलरेटर दाबला. ओझं दुप्पट झालं! आणि आतून एकदम तिसरं कडवंच उठलं! ते फक्त मोठ्या ओझ्याला म्हणतात. मी ते आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. शेडचे पत्रे थरथरले. साहेब हॉर्न वाजवतायत, मी बोंबलतोय, चाकं माती उडवतायत आणि चौदा गळे काही केल्या हटत नाहीत! शेवटी मागच्या दाराची चौकट अंगावर घेऊन गाडी आत आली आणि गाणं संपलं.

बाई रडत होत्या. आनंदाने. मी मात्र कपाळाला हात लावला. गेली शेड!

सासऱ्यांनी शांतपणे हात पुसले आणि काचेपाशी वाकले.

"साहेब, मंडळ प्रत्यक्षात अस्तित्वात आहे. लिहून घ्या."

साहेबांनी लिहिलं! सहीसुद्धा स्पष्ट आहे. तो कागद शेडमध्ये टांगलाय.

पुढे बक्षीस मिळालं. पेपरात छापून आलं : 'या गाण्यात दुरून येणारी ती एकाकी, काळीज चिरणारी हाक विसरणे अशक्य.' सासऱ्यांनी ते तीनदा वाचलं. मग मला बोलावलं.

"जावईबापू, रविवारी सरावाला या."

वीस वर्षांनी! बायकोने स्वतः शर्टला इस्त्री केली. मी छाती काढून गेलो. माझी जागा खडूने आखून ठेवली होती. शेडच्या बाहेर, मागच्या भिंतीपाशी. आणि म्हणायचा शब्द एकच : 'सोडाऽऽ!'

तरी एक रविवार चुकवत नाही मी. पण गेल्या वेळी सासरे गाणं थांबवून आतून ओरडले,

"दारात बोट सापडल्यासारखं पाहिजे, जावईबापू! आज नीट सापडत नाहीये!"