दामूकाकांची रंगीत पाखरं

आमचे टोकावड्याचे शेजारी दामूकाका पाखराला सरळ बोट दाखवत नाहीत. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, म्हणून आमच्याकडे बोट दुमडून दाखवतात. काकांनी हा नियम थेट आभाळापर्यंत नेला. दुमडलेलं बोट, वर उचललेली हनुवटी आणि "तो बघ!" एवढ्यावर पाखरू शोधायचं. मी हौसेनं घेतलेल्या दुर्बिणीतून म्हशीची पाठ बघत बसतो आणि काका करवादतात, "तिकडं नाय रे! माझ्या हनुवटीकडं बघ!" आता हनुवटी बघू की पाखरू?

दसरा झाला की त्यांचा पाय घरात ठरत नाही. भात पिवळं पडतं, नदीकाठच्या कुरणातलं पाणी ओसरून चिखल उरतो आणि परगावची पाखरं उतरतात. "पावनं आलं रे!" म्हणत काका ओरडत जातात, जशी काही सोयरीकच जमायची आहे.

काकींना मात्र ही पाखरं दिसत नसत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनची भयंकर धास्ती. मग रोज संध्याकाळी काका ओटीवर बसून त्यांना सांगत. आमची ओटी लागूनच, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येई.

"चंडोल आला गो आज. अंग हळदीसारखं, वर लाल तुरा."

"बाई गं!" काकी म्हणायच्या.

पाणलाव्याला त्यांनी मोरपंखी शेपूट लावलं, ढोकरीला गुलाबी पोट. एकदा मला राहवलं नाही. "काका, चंडोल मातकट असतो ना?"

"गप रे. तिला सगळं धुरकट दिसतं. मी पन मातकटच सांगू?"

यंदा लेक आसनगावहून आली, आईला धरून घेऊन गेली आणि ऑपरेशन करूनच तिनं परत पाठवलं. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला त्याच दिवशी काकींनी जाहीर केलं, "उद्या मला तुमचं पावनं बघायचंय."

सकाळीच काका माझ्या दारात. "तू पन चल. आज माझी फजिती हाय." मग चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "खोटं उघडं पडंल, त्याचं काय नाय रे. पन तिला दिसाया लागलं. आता संध्याकाळी मी सांगू काय?"

मला एकदम गलबलून आलं. पण तिकडे काकी पदर खोचून बांधावरून पुढे निघाल्यासुद्धा!

पहिला चंडोलच भेटला. काकांनी बोट दुमडलं.

"सरळ दाखवा की! माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तुमच्या बोटाचं राहिलं वाटतं." मग त्यांना तो आपला आपणच सापडला. "हा? हळद कुठंय?"

"उन्हानं उडाली."

"आणि तुरा?"

"आज घरी ठेवला असंल."

पाणलावा चिखलात चिखलाच्याच रंगाचा. ढोकरीचं पोट बघून तर काकींनी कमरेवर हात ठेवले. "गुलाबी ना हो?"

"थंडी आली की उतरतो रंग."

"लबाड माणूस!"

मी रुमाल तोंडात कोंबून हसत होतो. काका बांधावरचं गवत उपटत उभे राहिले, मान काही वर करेनात.

परतताना तारेवर एक पाखरू बसलेलं काकींनीच पाहिलं. "हा पन मातकटच. याला काय लावलं होतं?" तेवढ्यात ते उडालं. पंख उघडले आणि असा निळा, असा निळा रंग पिवळ्या भातावरून सरकत गेला की काकींनी काकांचा दंडच धरला. "अगं बाई! अहो, बघा तरी!"

"चास हाय तो," काका म्हणाले. "याचं तुला कधी सांगितलं नाय. याचा रंग मला सांगताच आला नाय गो."

त्यावर काकी इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं.

संध्याकाळी पलीकडची ओटी गप्प होती. मग काकींचा आवाज आला, "का हो? आज काय आलं, ते सांगा की."

"तू बघितलंस ना सगळं."

"मी बघितलं ते माझं. तुमचं सांगा. मला दिसाया लागलं म्हणून सांगायचं बंद केलंत तर बघा हां!"

मग घसा खाकरून काकांनी ढोकरीला हिरवा जरीचा पदर लावला, आणि काकी म्हणाल्या, "सावकाश सांगा. घाई काय हाय?"