डाव्या बाजूचं पाणी

दर रविवारी सकाळी आठ वाजता भास्करआप्पा आपल्या गाडीत जाऊन बसायचे, चारही काचा वर करायचे, आणि मी बाहेरून नळी धरून त्यांच्यावर पाणी मारायचे. म्हणजे मारायचे गाडीवर. पण आप्पा आत असल्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं की या मास्तरीणबाईंनी म्हाताऱ्यावर कसला तरी राग काढायला घेतलाय. आत आप्पा बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, हातात टॉर्च आणि अंगभर पावडर. पावडर हौसेची नव्हती. दारांच्या रबरावर, काचेच्या कडेला, पायाखालच्या पत्र्यावर ते आधी पावडर भुरभुरवायचे. पाण्याचा थेंब कुठूनही आत आला की पावडरीत त्याची रेघ उमटणार, असा हिशेब. अर्ध्या तासाने दार उघडून, गिरणीतून बाहेर पडल्यासारखे पांढरेफटक आप्पा मलाच दरडावायचे.

"बाई, तुन्हा हात हालना का? पाऊस असा नाचत पडस का?"

मी मूळची साताऱ्याकडची. शाळेच्या नोकरीने शहाद्याला आले त्याला तीस वर्षं झाली. अहिराणी पुरती कळते, बोलताना मात्र जीभ अजून अडखळते. आप्पा आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. जगातल्या इतक्या माणसांतून नळी धरायला त्यांना मीच का सापडले, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत होते.

आमच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तेव्हा गाडीला दर रविवारी अंघोळ घालणाऱ्या माणसाबद्दल बायका काय बोलत असतील ते सांगायला नको. आप्पांनी त्यावर उपाय काढला. गाडीखालून एक चर खणला आणि सगळं पाणी पपईच्या झाडांना नेऊन सोडलं. त्या वर्षी पपया अशा काही लागल्या की तक्रार करणाऱ्या प्रत्येक घरी दोन-दोन पोचल्या, आणि कुरकुर आपोआप थांबली.

आप्पांनी पस्तीस वर्षं पत्रा ठोकला. नंदुरबारच्या एका शेडमध्ये ते बस-ट्रकच्या बॉड्या बांधायचे. पत्र्यावर नुसतं बोट वाजवून आत गंज किती आहे ते सांगायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असायचा, दोऱ्याला बांधलेला. दिसेल त्या गाडीला ते तो लावून बघायचे. पत्रा असला की चिकटतो; गंजलेल्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला असेल तर खाली पडतो. कॉलनीतल्या डॉक्टरांनी सुरतेहून जुनी पण चकचकीत गाडी आणली, सगळ्यांना पेढे वाटले. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि चुंबक गाडीला लावला. तो पाच ठिकाणी पडला.

"डाक्टर, आठे पत्रा नही. नुसती लांबी शे."

डॉक्टर सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हते. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. "पहिले दख, मंग बोल," हे त्यांचं कायमचं वाक्य, आणि आपण नेहमी आधी बघूनच बोलतो याबद्दल त्यांची बालंबाल खात्री होती.

त्यांची स्वतःची गाडी पंचवीस वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. एके काळी पांढरी असावी. आप्पांनी तिचा जवळजवळ सगळा पत्रा बदलला होता, त्यामुळे मूळ गाडी कुठली आणि आप्पांची कुठली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांची मुलगी सुनंदा नवापूरला असते. घरचा कोंबड्यांचा फार्म आहे. ती आली की बापाच्या मागे लागायची.

"आप्पा, दी टाका ना ती भंगारमा."

"डावीकडलं पानी कोठून येस ते सापडू दे. मंग लयी जा."

एवढंच त्यांना हवं होतं. ड्रायव्हरच्या शेजारची जागा, डावी. तिथे पायाशी पाणी साचायचं आणि ते येतं कुठून हे पत्र्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सापडत नव्हतं. दाराचं रबर बदलून झालं, काच काढून पुन्हा बसवून झाली, टपाचे जोड भरून झाले. पावडरीत रेघ उमटत नव्हती. आणि पावसात ते नवापूरला जाऊन आले की पायाखालचा गालिचा पुन्हा चिंब.

एका रविवारी मला कंटाळा आला. खरं तर रागच आला. नळी खाली टाकून मी म्हटलं, "आप्पा, डाव्या बाजूला आता बसतं कोण? राहू दे की थोडं ओलं."

आप्पा दार उघडून बाहेर आले. पावडरीने भरलेला चेहरा, त्यात फक्त डोळे काळे.

"तठे ती बठे," ते म्हणाले.

ती म्हणजे जिजी, त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. ठेंगणी, हसरी बाई. सगळी कॉलनी तिला जिजी म्हणायची. लेकीकडे जाताना पाण्याने भरलेला झाकणाचा तांब्या पायाशी घेऊन गाडीत बसायची. इकडचा उन्हाळा काय असतो ते इकडच्यांनाच माहीत.

"ती सांगे, मन्हा पाय वल्ला व्हतस," आप्पा पपईकडे बघत बोलत होते. "मी सांगू, तुन्हा तांब्या सांडस. ती सांगे, झाकन घट्ट शे. मी आजून वरडू. मी पत्रावाला, बाई. मन्ही गाडीमा पानी कसं ई?"

जिजी गेल्यावरच्या पावसाळ्यात ते एकटेच नवापूरहून परत येत होते. एका वळणावर डावीकडून डचमळल्याचा आवाज आला. गाडी बाजूला घेऊन त्यांनी हात खाली घातला. मनगटापर्यंत पाणी होतं. तांब्या नव्हता, जिजी नव्हती.

मला हे माहीत होतं. सगळं नाही, पण बरंच. जिजी नवापूरहून आली की ओल्या चपला आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर वाळत घालायची. पुढे पुढे तिने आप्पांकडे तक्रार करणं सोडलं आणि ती खताची रिकामी पिशवी पायाखाली घ्यायला लागली होती. मी एकदा विचारलं तेव्हा तिने मला शपथ घातली. "त्यास्ले सांगू नको. त्यास्ले पत्राना लई अभिमान शे." मीही गप्प बसले. नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला, असं सोयीचं कारण प्रत्येक शेजारणीपाशी तयार असतं. ते माझ्यापाशीही होतं, आणि वर्षभर नळी धरूनही मी ते सोडलं नव्हतं.

त्या दिवशी शपथ मोडली.

"आप्पा, जिजी मला म्हणाली होती, पाणी वरून येत नाही, समोरून येतं. चढ लागला की पायावर धार पडते."

आप्पांनी पावडरीचे हात चड्डीला पुसले.

"चढ लागना का?"

"हो."

"माले नही सांगं."

"सांगितलं असेल, आप्पा. पहिल्यांदा तुम्हालाच."

हे मी बोलायला नको होतं, असं अजूनही वाटतं. आप्पा घरात गेले आणि लाकडाचे दोन ठोकळे घेऊन आले. पुढची चाकं त्यांनी ठोकळ्यांवर चढवली. गाडी चढाला लागल्यासारखी नाक वर करून उभी राहिली. वर्षभर आम्ही तिला सपाट अंगणात अंघोळ घालत होतो. त्या दिवशी आप्पा आत बसले नाहीत. मला म्हणाले, "तू बठ. डावीकडे." नळी त्यांनी स्वतः घेतली आणि पुढच्या काचेच्या खाली, जिथे हवा आत जायची जाळी असते, तिथे पाणी सोडलं.

मी मोजत नव्हते, पण फार वेळ लागला नाही. उजव्या पावलावर गार काहीतरी पडलं. मग बारीक, सलग धार. मी नुसतं "आलं" म्हटलं. आप्पांनी नळी टाकली, दार उघडून खाली गुडघे टेकले आणि माझ्या पायापाशी ओंजळ धरून बसले. पाणी त्यांच्या हातात पडत होतं. मला जिजीच्या जागेवरून उठावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

जाळीखालच्या पन्हळीत कडुनिंबाच्या पाल्याचा काळा चिखल निघाला, कित्येक वर्षांचा. जिजीला तापलेली सीट सोसत नाही म्हणून आप्पा गाडी नेहमी निंबाखाली लावायचे. साचलेल्या पाण्याने पन्हळीचा मागचा जोड गंजून गेला होता. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर पापडाएवढा पत्रा हातात आला. सपाटीवर पाणी बाजूच्या भोकांतून जेमतेम निघून जायचं. चढावर मागे वळून थेट जिजीच्या पायांवर. गंज कापून नवा पत्रा वेल्डिंग करायला, त्यावर रेड ऑक्साईडचे हात मारून सांधे भरायला चार रविवार गेले. इतकं हळू काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ठोकळ्यांवर पुन्हा पाणी मारलं तेव्हा पावडर जशीच्या तशी होती. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात पावसाने झड धरली होती. आप्पा सकाळीच दारात.

"बाई, नवापूरले चाल. डावीकडे बठ."

नवापूरला माझं काही काम नव्हतं. गेले. वाटभर पाऊस. विसरवाडीच्या अलीकडे-पलीकडे जिथे जिथे रस्ता वर चढला, तिथे तिथे आप्पा समोर बघतच विचारायचे, "वल्लं?" मी म्हणायचे, "कोरडं." पायाखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर एक डागही पडला नाही. प्रत्येक "कोरडं"नंतर ते मान हलवायचे. खूश दिसत नव्हते. मीच मेली बडबड करत होते, आता गाडी झकास झाली वगैरे.

सुनंदा ओट्यावर पाणी घेऊन आली. आप्पा बसलेसुद्धा नाहीत.

"सुनंदा, तुन्ही माय खरं बोले. ते पानी तांब्यानं नव्हतं. गाडीनं व्हतं."

"चांगलं व्हयनं, आप्पा," ती हसली. "सापडनं ना? आते दी टाकशात ना गाडी?"

"आजून आयक. मी तिना तांब्याच बंद करा व्हता. शेवटला चार वरीस. गाडीमा पानी आननं नही, म्हनी सांगं व्हतं."

हे मलाही माहीत नव्हतं. शहादा ते नवापूर, त्या गाडीने तीन तास. मे महिन्यातसुद्धा.

सुनंदाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू गेलं.

"म्हनीसन," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "म्हनीसन जिजी घरमा येताच पहिले माठकडे जाये. चप्पल बी काढे नही. मी हासू. मी सांगू, जिजी, पहिले नातूले तरी दख."

आप्पांनी विचारलं, "कितलं पिये?"

तिने हातातल्या पेल्यावर दुसरा हात धरला.

"सांग ना. कितलं पिये?"

"दोन गिलास. कव्हय तीन. उभ्या उभ्याच."

आप्पा ओट्याच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. जिजीला नेलं त्या दिवशीही ते रडले नव्हते. सुनंदा त्यांच्याजवळ खाली बसली. बापासाठी आणलेला पाण्याचा पेला तिच्या हातातच होता, आणि तो त्यांना द्यायचं धाडस तिला होत नव्हतं.