हार्डहेडेड आपटे

बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी आमचे शेजारी आपटे यांनी तिच्या साड्या वाटून टाकल्या आणि पंधराव्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘हा माणूस हार्डहेडेड आहे.’

फळा हॉलंडमधल्या आमच्या झूटरमेर गावच्या वाचनालयातला. निवृत्त इंजिनिअर आपटे तिथे शनिवारी सकाळी चार-पाच चिनी लोकांना फुकट इंग्रजी शिकवायचे. “हार्डहेडेड म्हणजे मठ्ठ नव्हे,” ते बजावायचे. “भावना चपलांबरोबर दाराबाहेर काढून विचार करणारा.”

“मग त्याला दुःख नाही?” हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या मिसेस चेननी विचारलं.

“दुःख या वाक्यात येत नाही.”

मी मागच्या खुर्चीवर सायकलीसाठी ठाण मांडून होतो. गेलेल्या बायकोची, कुसुमताईंची सायकल आपट्यांनी विकायला काढली होती आणि मला ती माझ्या बायकोसाठी, शैलासाठी हवी होती. पुण्याहून आल्यापासून शैला खिडकीशी बसून असे. बोलणं बंद, जेवण नावाला. एकदा कुसुमताईंनी तिला या सायकलीवर बसवून चक्कर मारायला लावली, तेवढीच काय ती हसली. मी नवी कोरी आणली, तिला तिने हातही लावला नाही.

मी शून्यातून मसाल्याचं दुकान उभं केलंय. रॉटरडॅमच्या बंदरावर भल्याभल्यांना रडवलंय. पण या माणसाने मला तीनदा तोंडघशी पाडलं. पहिल्यांदा भाव ठरला, तर म्हणाले, “मी गिल्डरमध्ये बोललो.” इथलं जुनं चलन गिल्डर बंद होऊन युरो येऊन तीन वर्षं झाली होती! म्हणजे मला निम्म्याहून स्वस्त. मी हो म्हणालो, तर म्हणे, “इतक्या स्वस्तात कशी देऊ?” दुसऱ्यांदा पुढच्या बास्केटचे पैसे वेगळे निघाले. तिसऱ्यांदा, “शैलाताई उतारावर ब्रेक करकचून दाबतील.”

“या देशात उतार आहे कुठे?”

“पुलावरून उतरताना असतो, जाधव.”

त्या शनिवारी माझा पारा चढला. सगळ्यांदेखत इंग्रजीतच ओरडलो, “सायकल विकणार आहात की नाही?”

आपट्यांनी खडू उचलला. “मिसेस चेन, तुमचं वाक्य?”

त्या हळूच म्हणाल्या, “मिस्टर आपटे सायकल विकत नाहीत. मिस्टर आपटे हार्डहेडेड नाहीत.”

आपट्यांनी खडू खाली ठेवला. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “न्या.”

“भाव?”

“न्या म्हटलं ना!”

एक पैसा न देता माल मिळाला, आणि घरी येईपर्यंत मला आपणच लुटले गेल्यासारखं वाटत होतं.

शैला अजून फारशी हसत नाही, पण बाजारापर्यंत जाऊन येते. दर रविवारी आपटे हातात पंप घेऊन दारात उभे. “चाकं बघतो आणि निघतो.” चहा घेत नाहीत. चाकं टणक लागली की नुसतेच हँडलवर हात ठेवून उभे राहतात आणि मान खाली घालून परत जातात.

म्हणून शनिवारी दुकानातून आलो की मी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडून ठेवतो.