आत-बाहेर नसलेला पट्टा

अनुजच्या लग्नाच्या सकाळी विहिरीला पट्टा बांधायचं काम रीतीप्रमाणे नवऱ्याच्या बहिणीकडे, क्षितिजाकडे आलं. वसईतल्या त्यांच्या वाडीत लग्नाचं पाणी काढण्याआधी कठड्याभोवती लाल पट्टा सैलसर गुंडाळून टोकं शिवतात. पाण्यात राहणारी देवता, आसरा, आतच राहावी, मांडवात येऊ नये म्हणून. एकदा शिवला की लग्न लागेपर्यंत कात्री लावायची नाही.

क्षितिजा पदार्थाच्या अवस्थांचं गणिती वर्गीकरण करते. न कापता, न फाडता जे एकमेकांत बदलता येतं ते एका गटात, नाही ते वेगळ्या. शिवताना ती फोनवर आपल्या सरांना नेमकं हेच समजावत होती.

मग आजी, रखमाबाई, शिवणीच्या टाक्यापासून पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला हळदीची बोटं लावत निघाली. वाटेत एक पीळ लागला. तिने सरळ केला, तर तो वीतभर पुढे गेला. पीळ पुढे सारत, बोटं उमटवत ती फिरून टाक्यापाशी आली आणि पीळ टाक्यापलीकडे ढकलला. तिथली तिचीच बोटं दगडाकडे वळली. समोर कोरा पट्टा.

"आतून कोनीतरी हात लावलाय," ती हळूच म्हणाली.

केळीची पानं हलायची थांबली होती. क्षितिजाचे बाबा, दयाराम, धीटपणे पुढे झाले. त्यांनीही बाहेरूनच बोटं लावत फेरी मारली, तर पट्टा दोन्ही अंगांनी हळदीचा झाला. त्यांनी प्यायला पाणी मागितलं, आणि या विहिरीचं नको असंही सांगितलं.

क्षितिजाला चूक कळली होती. "आजी, पीळ घालून शिवला गेलाय माझ्याकडून. कितीही ढकल, जाणार नाही. तो एका जागेचा नाहीच, अख्ख्या पट्ट्याचा आहे."

"मंग आतलं अंग कंचं?"

"याला आत-बाहेर नाहीच."

आजी विहिरीकडे बघत राहिली. "मंग ती आत र्‍हाईल कशावरनं?"

कात्री लावता येत नव्हती, पाण्याशिवाय लग्न लागत नव्हतं, आणि नवरी नालासोपाऱ्याहून निघाली होती. शेवटी आजीनेच कठड्यावर वाकून, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "बाय, येशील तर जेवूनच जा. पोरांना तेवढं सुखरूप ठेव." आणि पाणी काढलं.

लग्न छान लागलं. जेवताना पंगतीत एक बाई दोनदा भात मागून जेवली. नवरीकडच्यांना ती नवऱ्याकडची वाटली, नवऱ्याकडच्यांना नवरीकडची. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

वाढता वाढता क्षितिजाने धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाकडच्या?"

बाई गोड हसली. "तूच सांग गो. गट पाडतेस ना तू?"

क्षितिजाने तिच्या पानात तिसऱ्यांदा भात वाढला.